स्टार्टरखालच्या चपला

घरून काम करायच्या त्या वर्षांत जानेफळला आमच्या घरात रेंज नव्हती. शेतात विहिरीवर होती. त्यामुळे कर्नेलचं, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मुळातल्या प्रोग्रॅमचं माझं काम मोटर चालू करायच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या खोलीत चाले. माझ्या पदनामात 'तज्ज्ञ' हा शब्द होता. बसायला खताचं पोतं होतं.

विहिरीतली मोटर जुनी. चालू झाली की कधीकधी पाण्यात करंट उतरे. म्हणून जाळीतला कचरा काढायला उतरणाऱ्याने चपला स्टार्टरखाली ठेवायच्या, आणि तिथे एकही जोड असेतो बटण दाबायचं नाही, असा आमचा नियम. कर्नेलमध्येही तसंच असतं. मेमरीचा एखादा तुकडा किती जण वापरताहेत ते मोजायचं. शून्य झालं की तुकडा मोडीत. माझ्या कोडमध्ये मात्र तो कधीतरी वापरात असतानाच मोडीत निघे. महिनाभर मी कारण शोधत होते.

त्या सकाळी मोटर दुरुस्त करणारे मेहकरचे चाचा विहिरीतून वर आले आणि चपला घालून झाडाखाली चहाला गेले. बाबा खोलीत आले. खाली पाहिलं, काही नाही. "लाइन आली," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला, तोच विहिरीतून काकांची हाक आली, "चाचा, पान्हा टाका हो!"

बाबांनी हात मागे घेतला आणि ते पोत्यावर, माझ्या शेजारी, बसले.

काका वर आल्यावर बाबांनी विचारलं, "काऊन बे, चपला कुठी हायेत तुह्या?"

"एकीचा अंगठा तुटला दादा, गाडीपाशीच सोडल्या. मले वाटलं, चाचाच्या हायेत न तिथी."

"माह्या चपलेच्या भरोशावर उतरले?" चाचा भडकले. "म्या त घालून निंगालो! आता स्टार्टरच्या पेटीले कुलूप लावा. चपला पेटीत. ठेवनाराबी चाबी घेईन, बटन दाबनाराबी चाबी घेईन. चाबी एकच."

"अन् चपलाच नसल्या त?" काकांनी विचारलं.

"त उतरू नोका!"

मीही दुसऱ्याच्या चपलांच्या भरवशावर उतरत होते. मेमरीच्या यादीत तुकडा दिसला की तो आहेच असं धरायचे, आणि माझी नोंद वाढवायला हात पुढे करेपर्यंत शेवटचा वापरणारा निघून गेलेला असे. मग कुलूप लावूनच पाहणं, त्याच कुलपात मोजणी वाढवणं, आणि शेवटच्यानेही त्याच कुलपात तुकडा यादीतून काढणं, एवढं केलं. पुढच्या बैठकीत वरिष्ठांनी माझ्या अभिनव दृष्टीचा गौरव केला. चाचांचं नाव घ्यायला त्या सादरीकरणात जागा नव्हती.

आता पुण्यात मला चाकांची खुर्ची आहे. पोत्यावर सुचायचं तसं तिच्यावर सुचत नाही.

गावची मोटरही आता बाबांच्या मोबाइलवरून चालू होते. पेटीचं कुलूप गंजलंय. काका तरीही उतरण्याआधी चपला पेटीत ठेवतात आणि बाबांना फोन लावतात, "दादा, म्या उतरून राह्यलो."

बाबा "हाव" म्हणेपर्यंत ते पहिल्या पायरीवर अनवाणी उभे असतात.