पाठवणीची प्रार्थना

आमच्या सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत एक पद्धत होती. कोणाला सेवेसाठी खेड्यावर पाठवायचे ठरले की रविवारच्या उपासनेनंतर त्याला व्यासपीठापुढे गुडघे टेकायला सांगत. पाळक आणि पंच त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करीत. या विधीला आम्ही पाठवणी म्हणत असू, आणि लग्नातल्या पाठवणीप्रमाणे इथेही बायका डोळ्यांना पदर लावीत. मी मिशनच्या शाळेत शिक्षक होतो. मुलांना मी सांगत असे की पाठवणीने दोघे बांधले जातात: जाणारा आणि पाठवणारे. पाठवणाऱ्यांवरचे बंधन अधिक मोठे, असेही मी शिकवीत असे. पुस्तकात तसे होते.

एका उन्हाळ्यात मैंदर्गीच्या बाजूला पटकीची साथ आली. शाळेला सुट्टी होती, म्हणून मला आणि माझ्या पत्नीला पाठवण्याचे ठरले. पाळकांनी त्या दिवशी कळवळा या विषयावर प्रवचन केले आणि ते खरोखर उत्तम होते.

आमच्या वाट्याला एका खेड्यातला मांगवाडा आला. झऱ्यात लाल औषध टाकणे, पाणी उकळून घेण्याविषयी समजावणे, आजाऱ्यांना मीठपाणी चमच्याने पाजणे, एवढेच आम्हाला येत होते. एक तरुण बाई माझ्या पत्नीच्या मांडीवरच गेली. मागे राहिली तिची लहानशी मुलगी आणि म्हातारी सासू. आम्ही निघालो त्या सकाळी म्हातारीने मुलीला आमच्या गाडीत आणून बसवले.

"न्या की बाई हिला. माझं हातपाय चालतंय तवर चालतंय. मागनं हितं कोण हाय तिला?"

"अव्वा, आमच्या तिथं मुलींचं बोर्डिंग आहे," पत्नी म्हणाली. "शिकेल, पोटभर जेवेल. तुम्ही केव्हाही भेटायला या."

"येते की. चालत येते," म्हातारी म्हणाली, आणि पोरीकडे न पाहता घरात गेली.

बोर्डिंग अनाथ मुलींसाठीच होते. तरी पंचांपैकी जे सर्वांत वडीलधारे, त्यांनी मुलगी कुठल्या वाड्यातली हे विचारले आणि ऐकून हसले. "मास्तर, तुम्हाला द्यायला पाठवलं होतं. तुम्ही घेऊनच आलात की!"

"द्यायलाच आणलीय, काका," पत्नी म्हणाली. "तुमच्या बोर्डिंगला."

"बोर्डिंगात पंगत एक, पाण्याचा माठ एक. उद्या आपलेच लोक मुली काढून नेतील. मग काय भिंतींना शिकवायचं?"

वाचकांना हे समजण्यासाठी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्या मंडळीतले बहुतेक जण दोन पिढ्यांपूर्वी महारवाड्यातून आलेले, आणि मीही त्यांतलाच. या गृहस्थांच्या आजोबांना गावच्या विहिरीवरून दगड मारून हाकलले होते. ती हकीकत ते दर नाताळात लहान मुलांना सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज कापे.

निर्णय झाला तो असा: मुलीला कपडे व धान्य देऊन आजीकडे पोचवावे. पोचवायला आम्हीच जावे. आणि सेवेसाठी जाणाऱ्याची पाठवणी करायची हा नियमच असल्याने, आमचीही करावी.

रविवारी उपासना संपली. आम्हाला पुढे बोलावले. पत्नी मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"गुडघे टेका, बाई," पाळक हळूच म्हणाले.

"टेकते. पण आम्हाला कशासाठी पाठवताय, ते प्रार्थनेत मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

पाळकांनी पंचांकडे पाहिले. पंचांनी बाकावरच्या गीतपुस्तकाकडे पाहिले. मागे कोणाचे तरी मूल रडू लागले. त्याच्या आईने त्याला बाहेर नेले आणि तिच्यामागून आणखी कितीतरी जणी निघाल्या. मी टेकलेले गुडघे उचलून पत्नीशेजारी उभा राहिलो. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही.

मुलीला आम्ही आमच्याकडेच ठेवून घेतले. माझी नोकरी राहिली, पण मिशनच्या आवारातली खोली सोडावी लागली. विणकरांच्या वस्तीत आम्ही जागा घेतली. मुलगी तेलुगू शेजाऱ्यांच्या पोरांत खेळू लागली आणि पत्नीला, तिच्या गावाकडे आईला म्हणतात तसे, अव्वा म्हणू लागली. आजीला सारे सांगायला दिवाळीच्या सुट्टीत जायचे, असे आम्ही ठरवले होते.

म्हातारी त्याआधीच आली. चालत आली आणि विचारत विचारत मिशनच्या फाटकाशी पोचली. तिथे तिला तेच वडीलधारे पंच भेटले. "बोर्डिंगात अशी मुलगी नाही, आणि कधी नव्हती," असे त्यांनी तिला सांगितले. हे त्यांनीच मला नंतर शांतपणे कळवले. मी त्या वाक्याचे पुष्कळदा परीक्षण केले आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. आम्ही कुठे राहतो हे त्यांना ठाऊक होते, पण म्हातारीने तो प्रश्न विचारला नव्हता.

दिवाळीत आम्ही मुलीला घेऊन त्या खेड्यात गेलो. घराला बाहेरून काट्याची फांदी लावलेली होती.

"म्हातारी गेली की ऊस तोडायला, माळशिरसकडं," शेजारीण म्हणाली. "म्हणत हुती, सून गेली, पोरगीबी त्यांनी कुटं घालवली कुणाला ठावं. आता हितं बसून काय करू?"

पत्नीने मुलीला तिच्यापुढे उभे केले. "हिला नीट बघून ठेवा. हिची आजी आली की सांगा, पोर धडधाकट हाय, आमच्या घरात हाय."

"आली तर सांगते की."

ऊस तोडायला गेलेली माणसे हंगाम संपला की गावी परततात. त्या खेड्यातलीही सगळी परतली. म्हातारी तेवढी आली नाही, आणि ती कोणत्या टोळीतून गेली होती, हेही आम्हाला कोणी सांगू शकले नाही.