लोणच्याच्या कव्हरातलं पुस्तक

गजाननभाऊंची भीती मी चार ड्रॉइंग पिना लावून नोटीस बोर्डावर टाचली. स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात. शिवाय दोन पावलं मागे जाऊन बघितलंही, लिस्ट सरळ लागली का म्हणून.

मी नागपुरातल्या एका छोट्या वाचनालयात लायब्ररियन होते. मुदत उलटली तरी परत न आलेल्या पुस्तकाला आम्ही ओव्हरड्यू म्हणतो. अशा पुस्तकांची लिस्ट दर सोमवारी लावायची, ही कल्पना माझीच. वाचकाचं नाव, पुढे पुस्तकाचं नाव. लोक लाजतील, पुस्तकं येतील. कमिटीने माझं कौतुक केलं होतं, त्यामुळे बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

गजाननभाऊ स्कूल बस चालवायचे. एकदा मागून ट्रक धडकला. पोरं सुखरूप होती, पण तेव्हापासून मागे हॉर्न वाजला की यांचे हात थरथरायचे. पाठ दुखते असं मालकांना सांगून त्यांनी रजा घेतली आणि माझ्याकडून एक पुस्तक नेलं. शीर्षकातच ‘भीती’ आणि ‘आघात’ असे दोन्ही शब्द होते. ते मी अगदी ठळक लिहिले.

बोर्डाला लागूनच पेपर वाचायचं टेबल. तिथे रोज सकाळी कोण बसायचं? बसचे मालक.

मंगळवारी गजाननभाऊंनी पुस्तक काउंटरवर आणून ठेवलं.

“बाई, मालकानं बसची चावी मागून घेतली जी. म्हणते, भेदरल्या माणसाच्या हाती पोरं कशी देऊ?”

“पण मुदत तर संपलीच होती ना?”

हो, मी हेच म्हणाले. नियम तोंडपाठ होते माझे.

“रोज दोन पानं वाचून राहिलो होतो. घाई करू नका, असं पुस्तकातच लिहिलं आहे. तुमी काहून घाई केली?”

ते गेले. मी लिस्ट काढली. पिना निघता निघत नव्हत्या. मीच घट्ट दाबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर जाऊन उभी राहिले. “तुमचा माणूस भित्रा नाही, इलाज करून राहिला आहे.”

मालकांनी पेपर खाली केला नाही. “डॉक्टरनं लिहून द्यावं मॅडम, मग पाहू.”

मग मी पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं, वर ‘घरगुती लोणची’ असं लिहिलं आणि गजाननभाऊंच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

“लोणच्याचं पुस्तक? मले काहून नाही देत? लिंबाचं कोणत्या पानावर आहे?”

मागून गजाननभाऊ हसले. महिनाभरात पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या.

या वेळी मुदतीचा शिक्का मारलाच नाही. पुस्तकात श्वास मोजायचे, जिथे घाबरलो तिथे थोडं थोडं परत जायचं, असं बरंच काही होतं. एकट्याने झेपत नसेल तर डॉक्टरांकडे जा, हेही होतं. ते डॉक्टरांकडे गेले. आधी उभ्या बसमध्ये नुसते बसले, मग रिकामी बस कामठीपर्यंत नेऊन आणली. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि चावी परत मिळाली.

माझी नात म्हणते, “आजी, याला प्रायव्हसी म्हणतात.” त्या काळच्या मला कोणी हा शब्द दिला असता, तर मी त्यालाही दाखल क्रमांक देऊन कपाटात ठेवला असता. दाखल क्रमांक म्हणजे प्रत्येक पुस्तकाला वाचनालयात येताना मिळणारा नंबर. त्या लिस्टनंतर बोर्डावर नावं नाहीत, फक्त हा नंबर लावत गेले. पुस्तकं येत राहिली, माणसंही.

गजाननभाऊंनी पुस्तक परत केलं तेव्हा आधी इकडेतिकडे पाहिलं. पेपरचं टेबल रिकामं होतं. मग ते काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, “बाई, हे लोणच्याचं आता आमच्या मालकाच्या नावावर द्या जी. त्या ट्रकपासून त्यालेही झोप नाही. बोर्डावर मात्र लावू नका, लय घाबरते तो.”