उलथनं कुणाच्या हातात होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी—ज्यानं भूमच्या बाजारात बैलगाडीएवढी घोरपड बघितल्याचं शपथेवर सांगितलं, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही—तो मी एवढी एकच गोष्ट चाळीस वर्षं गिळून बसलो.

आमचं कुटुंब कर्नाटकातून आलेलं. अकरा भावंडं, सात म्हशी आणि एक लोखंडी कढई, एवढी वरात भूमजवळ उतरली आणि खव्याची भट्टी लागली. (म्हशी सात का तीन, ते सोडा.) अकरांत थोरली गंगव्वाआत्या. काटकसर अशी, की काड्यापेटीतली काडी ओढण्याआधी शेजारणीच्या चुलीत विस्तव आहे का बघणार. जुन्या लुगड्याची वाकळ, वाकळीची चुंबळ, चुंबळीचं फडकं—त्या फडक्यानं पुसलेली कढई मी स्वतः बघितलीय. कष्टाला तर म्हशीसुद्धा तिच्यापुढं लाजायच्या.

पण तिचं नाव होतं वेगळ्याच गोष्टीसाठी. आत्याच्या हातचा खवा कधी तळाला लागला नाही. दुधाचा गोळा होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. थांबला, की करपलं. तिचा थांबत नसे. अंगावर फुटका मणी नव्हता, हे नाव तेवढं होतं.

मग त्या दुपारी काय झालं? सांगतो—सांगतोय ना!

आत्या तापानं फणफणलेली, तरी कढईपाशी उभी. शेजारी मी, बावीस वर्षांचा घोडा. माझ्या हातात उलथनं देऊन म्हणाली, "जरा हलव रं. मी टेकते." भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. बाहेर दूध घालायला आलेल्यांपैकी एकानं डिवचलं, "काय पाव्हणं, घोरपड मेली का जित्ती हाय?" झालं! पाच मिनिटं म्हणून उलथनं हातात घेऊनच बाहेर गेलो आणि घोरपडीचं शेपूट वाढवत बसलो.

वास आला तेव्हा धावलो. कढईतून काळा धूर. आत्या तशीच झोपलेली. तेव्हा मी काय केलं? ओरडलो? नाही. आधी उलथनं अलगद तिच्या मांडीवर ठेवलं. मग ओरडलो.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांनी कढई बघितली आणि एवढंच म्हणाले, "अक्का, उद्यापासून तुम्ही गोवऱ्यांचं बघा." ती पुन्हा कढईपाशी उभी राहिली नाही.

एकदाच तिनं विचारलं, "उलथनं म्या तुझ्याकडं दिलं हुतं न्हवं?"

"आत्या, तापात सपान पडलं व्हय तुम्हाला?" मी हसलो. वर त्याची गोष्ट रचली—आत्या घोरते, खवा जळतो, धुरानं म्हशी खोकतात. लग्नाकार्यात लोक मागून मागून ऐकायचे. आत्याही हसायची. पुढं पुढं तर तीच सांगायला लागली, "माझाच डोळा लागला बाई."

गेल्या महिन्यात ती गेली. तिच्या कार्याला पोरांनी तीच गोष्ट सांगायचा आग्रह धरला आणि जन्मात पहिल्यांदा मी गोष्ट न सांगताच उठलो. घरी आलो, ते हे लिहायला बसलो. आणि खरं सांगू? लाज वाटतेय, पण छाती मोकळी झालीय—चाळीस वर्षांत एवढा पुरा श्वास घेतला नव्हता.

माझ्या घोरपडीवर अख्ख्या भूममध्ये कुणी विश्वास ठेवला नाही. आत्यानं मात्र माझी थाप स्वतःच्या आठवणीपेक्षा खरी मानली.

उलथनं माझ्या हातात होतं.