एराज्मूला चकवणारी निवाल्दा

चढ अर्धा झाला तेव्हा निवाल्दा धापा टाकत खडकावर बसली. गुडघे चोळत म्हणाली, "कोमाद्रे, तू हो पुढं. मी येते कासवासारखी." माझ्या लेकीला बाप्तिस्म्याला तिनंच हातावर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. तिला सोडून मी कुठली पुढं जाते!

वरच्या सपाट खडकावर माकडांनी ताडाची फळं सोलून उन्हात वाळत टाकली होती. आठवड्यानं ती परत येतात, दोन्ही हातांनी धोंडा उचलतात आणि टक-टक फोडतात. पिल्लं आईशेजारी बसून दोन-दोन, तीन-तीन वर्षं नुसती बघतात, तेव्हा कुठं त्यांच्याच्यानं एक फळ फुटतं. नवरा गेल्यापासून निवाल्दाचं गणगोत म्हणजे हीच.

त्यांतल्या एका कानतुट्या आईला गावातल्या एराज्मू शिकाऱ्यानं निवाल्दाच्या डोळ्यांदेखत गोळी घातली. पिल्लू मेलेल्या आईची पाठ सोडेना. त्यानं ते ओरबाडून काढलं आणि बाजारात विकलं. निवाल्दा रडली नाही. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली.

"त्याला क्षमा करायचं बळ मागितलंस ना?" मी विचारलं होतं.

"देवाशी खोटं कशाला बोलू? तो मरेपर्यंत रिकाम्या हातानं घरी जाऊ दे, एवढंच मागितलं."

शिकारी लोक माकडांना फळं फोडण्याच्या आवाजावरून शोधतात. म्हणून ही बाई वाटेखालच्या दरीत बसून धोंड्यानं फळं फोडू लागली. टक-टक ऐकून एराज्मू धावायचा आणि अंगाची आग करणाऱ्या झुडपांत जाऊन अडकायचा. सहा वर्षांत त्याच्या हाती एक शेपूट लागलं नाही. गावात भेटला की ही विचारायची, "काय रे, नाचतोयस की मांड्या खाजवतोयस?" एकदा त्यानं आवाजाच्या रोखानंच गोळी झाडली. तिच्या डोक्यावरचा खडक फुटला. हिचे टोले चालूच.

आज फळं कडकडीत वाळली होती. माकडं कधीही येतील, पाठीवर नवी पिल्लं घेऊन. तेवढ्यात खाली एराज्मूचं कुत्रं भुंकलं.

निवाल्दानं उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यानं दगा दिला. तिनं खांद्यावरची फळांची पिशवी माझ्या हातात दिली.

"मला आता दरी उतरवत नाही. तू जा. तो झुडपांत शिरेपर्यंत फोडत राहा. आणि कोमाद्रे, घाई नको करू. दोन-तीन टोले घालायचे, मग जरा थांबायचं. माकडंही दम खातात."