झुलाल नानांची बरणी

दुधाची साखर चहाला गोडी आणत नाही, हे डॉक्टर मोतीलाल यांना कळलं तेव्हा सासरे समोर बसले होते. १९४३ साल, साखर रेशनवर. जळगावच्या दवाखान्यात सासरे अचानक उगवले, म्हणून डॉक्टरांनी प्रयोगशाळेतली दुधाच्या साखरेची बरणी उचलली आणि गोडी येईना म्हणून चमच्यावर चमचा घालत तळ गाठला. पुढे रेशनची साखर मिळाली, ती बरणी रिकामी दिसू नये म्हणून खलबत्त्यात बारीक कुटून तिच्यात भरली आणि ते सगळं विसरून गेले.

बरणी सांभाळायचे झुलाल नाना. मूळचे असोद्याचे, लग्नाकार्यात बुंदी पाडणारे आचारी. पंधरा वर्षांपूर्वी कढई सोडली आणि दवाखान्यात जंतूंचा स्वयंपाक करू लागले. बशीतलं जंतूंचं खाणं थिजवणारी चिनी घास शिजत असताना बोलायचे नाहीत, आणि कुणी बोललं तर पळी उगारायचे. "पाव्हना कोन ते आधी सांगा, मग पातेलं चढवस," हा त्यांचा नियम. मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा, पाहुणा असला की लाल बशी. तिच्यात पित्ताचे क्षार घालायचे, म्हणजे बाहेरचे जंतू दारातच मरतात आणि आतड्यातलेच तेवढे आत शिरतात. आतड्यातले रोजचे दुधाची साखर खाऊन लाल होतात. तापाचे मात्र तिला तोंड लावत नाहीत, फिकट राहतात आणि सापडतात.

सोमवारी अमळनेरच्या एका वसतिगृहाची स्वयंपाकीण धुरपदाबाई आली. तीन मुलं तापाने पडली होती आणि संशय तिच्यावर होता. वीस वर्षं तिथे भाकऱ्या थापलेल्या; नमुन्यात जंतू निघाले तर चूल सुटणार. ती ओसरीवर हात पदराखाली लपवून बसली होती.

"नाना, मना हातमा जहर शे का?"

"अक्का, ते बशी सांगी. तू हात बाहेर काढ, चहा ले."

नानांनी त्याच दिवशी बशा ओतल्या आणि नमुना लावला.

मंगळवारी सकाळी डॉक्टर घरी चहात साखर ढवळत होते. चमचा मध्येच थांबला. बरणीत बाजारची साखर! ती तर रोजच्या जंतूंपैकी अर्धेअधिक खातच नाहीत. अर्धीअधिक बशी फिकट दिसणार, आणि त्या फिकटपणावर आपण बाईची चूल विझवणार. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बायकोची सपात, अशा थाटात डॉक्टर दवाखान्यात धावले. ओसरीवर धुरपदाबाई होतीच. त्यांनी नजर चुकवली.

जंतू वाढवायच्या उबेच्या कपाटातून त्यांनी बशी काढली. बशीभर लाल ठिपके. एकही फिकट नाही. डॉक्टर खिडकीपाशी नेऊन तीनदा पाहून आले.

"नाना, यात साखर कुठली?"

"लखीचंदशेठनी."

लखीचंदशेठ म्हणजे गल्लीतले होमिओपॅथीवाले. 'नुसती दुधाची साखर वाटतो' म्हणून डॉक्टरांनी पाच वर्षं ज्यांची टिंगल केली, ते. डॉक्टरांनी मान खाली घातली.

नाना ओसरीवर गेले. "अक्का, हाई बशी साफ शे. अजून दोनदा नमुना देनं पडी." बाईने पदराखालचे हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

नाना आत आल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "नाना, बरणीतली साखर मी बदलली होती. तुम्हाला कसं कळलं?"

नाना पातेलं घासत होते. वर न बघता म्हणाले, "पंधरा वरीसमा त्या बरणीले कधी मुंगी लागनी नही. काल रांग लागनी."