आटे जुळले, श्वास जुळेना

"मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही," असे मी पथकप्रमुखांच्या टेबलासमोर उभ्या उभ्याच सांगितले. बसलो असतो तर त्यांनी चहा मागवला असता, आणि चहा घेतल्यावर नकाराची धार बोथट होते.

"सोनकांबळे साहेब, आटे बसतात ना? मग अडचण काय?" देशमुख साहेबांनी विचारले.

"आटे बसतात, हीच अडचण आहे. बसले नसते तर ते यंत्र कोणी तोंडात धरलेच नसते."

मी नांदेडच्या एका बचाव पथकात श्वसनसाधनांचा तपासनीस आहे. सेवानिवृत्तीनंतर करारावर घेतलेला. पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरच्या पाठीवर हवेची टाकी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या टाकीत हवा इतक्या दाबाने कोंबलेली असते की ती थेट तोंडात घेणे म्हणजे आत्महत्याच. म्हणून रेग्युलेटर लागतो. त्याचे मुख्य भाग दोन. टाकीवर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो प्रचंड दाब उतरवून मध्यम करतो. तोंडात धरतात तो सेकंड स्टेज. तो ही मध्यम दाबाची हवा अडवून धरतो आणि माणसाने श्वास ओढला की तेवढ्यापुरती सोडतो. मध्ये एक रबरी नळी.

दोन भाग दोन कंपन्यांचे असले की बिघडतेच, असे माझे म्हणणे नाही. नळीचे आटे बहुधा सारखेच असतात आणि काही जोड्या उत्तम चालतात. परंतु पहिल्याने किती दाब पाठवायचा आणि दुसऱ्याने किती अडवायचा, याचा मेळ असावा लागतो. तो कोणीतरी गेज लावून मोजायचा असतो, आणि मोजणाऱ्याने त्याची जबाबदारी घ्यायची असते.

आमच्या खरेदी शाखेने निविदा बाबनिहाय काढली होती. म्हणजे फर्स्ट स्टेज ही एक बाब, सेकंड स्टेज ही दुसरी. ज्या बाबीत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला ती बाब. कागदावर निर्दोष. या न्यायाने चपला घेतल्या तर डावी एका दुकानातून आणि उजवी दुसऱ्या दुकानातून घ्यावी लागेल.

मी गेज लावले. फर्स्ट स्टेज जेवढा दाब पाठवत होता, तेवढा अडवण्याची सेकंड स्टेजची ताकद नव्हती. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहून दाब उतरवून पाहिला. तरीही मेळ बसेना. टाकी उघडली की तोंडाकडून हवा आपोआप बाहेर. आमचा डायव्हर मारुती इस्लापूरचा. पैनगंगेत पोहायला शिकलेला, पाण्याला न भिणारा. त्याने ते यंत्र तोंडात धरले आणि लगेच काढले.

"साहेब, हे तर भोंग्यावानी बोंबलायलंय!"

"पाण्याखाली असेच चालू राहिले तर टाकी बघता बघता रिकामी होईल. मग काय करशील?"

मारुतीच्या कराराची मुदत संपत आली होती. सोमवारी गोदावरीच्या घाटावर वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक होते आणि त्यानंतरच मुदतवाढ मिळणार होती. "तुम्ही सही करा साहेब," तो हळूच म्हणाला, "म्या बोंबलत बोंबलत उतरतो. लई खोल जात न्हाई."

मला आलेला संताप मारुतीवरचा नव्हता. पोटासाठी माणसाला आपला श्वास पणाला लावावासा वाटावा, ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांच्यावरचा होता.

हे सारे कळले तेव्हाच मी पत्रे लिहिली होती. पहिल्या कंपनीने कळवले की दोष दुसऱ्या कंपनीच्या भागात असावा. दुसऱ्या कंपनीनेही तेच कळवले, फक्त बोट उलट दिशेने. खरेदी शाखेने कळवले की दोन्ही बाबी सुस्थितीत प्राप्त झाल्या असून विषय संपला आहे. विषय संपला आहे असे मला कळवणे, हे आगीत रॉकेल ओतणे होय. मी सविस्तर पत्र लिहिले आणि त्याच्या प्रती सुचतील त्या सर्वांना पाठवल्या. शेवटी लातूरच्या पथकालाही.

"लातूरला कशासाठी?" देशमुख साहेबांनी विचारले.

"माहितीस्तव."

शुक्रवारी लातूरहून फोन आला. तेथील भांडार सांभाळणाऱ्या नसीमा शेख बोलत होत्या.

"चाचा, तुमचं पत्र वाचलं. लई गरम हाय."

"मजकूर वस्तुस्थितीला धरून आहे."

"हाव, पण आमचं उलटं हाय ना. तुमची हवा थांबेना, अन् आमची येईना. आमचा डायव्हर दम ओढू ओढू लालबुंद होऊन राहिला."

मी कंपन्यांची नावे विचारली. त्याच दोन कंपन्या. फरक एवढाच की लातूरच्या निविदेत दर उलटे आले होते. आमच्याकडे जिचा फर्स्ट स्टेज, तिचाच सेकंड स्टेज त्यांच्याकडे. आणि त्यांच्या फर्स्ट स्टेजचा जोडीदार आमच्या कपाटात.

"म्हंजे चाचा, आमची सून तुमच्या घरी नांदायली अन् तुमची आमच्या घरी!" आणि त्या खळखळून हसल्या.

ही उपमा कार्यालयीन विषयास शोभत नाही, असे मी त्यांना सांगितले. अचूक आहे, हे सांगितले नाही.

मी तडक देशमुख साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि खुर्चीत मागे रेलले. "एका जिल्ह्याची साधनसामग्री दुसऱ्या जिल्ह्याला द्यायची तर वरून मंजुरी लागते. ती येईपर्यंत प्रात्यक्षिक होऊन जाईल. हा नियम तुम्हीच मला शिकवला आहे, सोनकांबळे साहेब." इतके आनंदी मी त्यांना कधीही पाहिले नव्हते.

"नियम साधनसामग्रीला लागू आहे," मी म्हणालो. "आपण रेग्युलेटर विकत घेतलेलेच नाहीत."

"मग काय घेतलं?"

"खरेदी शाखेच्या मते या स्वतंत्र बाबी आहेत. एकटा सेकंड स्टेज घेऊन कोणालाही बुडी मारता येत नाही. अर्थात तो सुटा भाग ठरतो. आणि सुटे भाग दोन पथकांनी आपसात बदलून घेणे, हे पथकप्रमुखांच्या अधिकारात आहे. लातूरची तयारी आहे."

देशमुख साहेबांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केले. "बसा. चहा घ्या."

"आधी सही करा. मग चहा."

रविवारी अहमदपूरला, रस्त्यालगतच्या एका हॉटेलात, दोन्ही पथके भेटली. भज्यांच्या परातीशेजारी मी गेज मांडले आणि पान्याने नळ्या उतरवल्या. आमच्या फर्स्ट स्टेजवर त्याच्याच कंपनीचा सेकंड स्टेज चढला. गेजचा काटा योग्य आकड्यावर येऊन थांबला. टाकी उघडली. आवाज नाही.

परंतु कोरडी परीक्षा पुरेशी नसते. हॉटेलच्या मागे सिमेंटचा हौद होता. मारुतीने यंत्र तोंडात धरले आणि डोके पाण्यात घातले. तो श्वास सोडी तेव्हाच बुडबुडे येत. गिऱ्हाईक बशा हातात घेऊन गोळा झाले. हॉटेलवाला धावत आला.

"अहो, कोण बुडालं माझ्या हौदात?"

"कुणी न्हाई, भाऊ," नसीमाबाई म्हणाल्या. "बुडू न्हाई म्हनून चाललंय."

नंतर लातूरची जोडी लावून मारुतीने पुन्हा डोके बुडवले. तीही निर्दोष निघाली. हॉटेलवाल्याने हौद उपसून धुण्याचा आग्रह धरला. त्याचे म्हणणे रास्त होते. मारुतीने आणि मी हौद धुतला.

सोमवारी सकाळी घाटावर जाण्यापूर्वी मी प्रमाणपत्रावर सही केली. मारुती गोदावरीत उतरला, तळाशी सोडलेली वाळूची गोणी शोधून वर घेऊन आला आणि पायरीवर बसला.

"साहेब, इतकं गप होतं की बंद पडलं का काय म्हनून एकदा भ्यालो!"

पाहुणे म्हणून आलेले वरिष्ठ अधिकारी थोडे निराश दिसले. "यात विशेष काय झालं?" त्यांनी विचारले.

"माणूस वर आला, साहेब," मी उत्तरलो.

मारुतीला मुदतवाढ मिळाली. मी खरेदी शाखेला आणखी एक पत्र लिहिले: श्वास बाबनिहाय घेता येत नाही, सबब यापुढे रेग्युलेटर ही एकच वस्तू धरावी. त्यावर 'नोंद घेण्यात आली आहे' असे उत्तर आले. या उत्तरावर माझा विश्वास नाही.

म्हणून त्या पत्राची प्रत लातूरला पाठवली आहे. माहितीस्तव.