कौसामावशीची न्यारी, शिदोरी आणि जेवण

या, अशा जवळ सरकून बसा. लांबून ऐकाल तर अर्धं वाऱ्यावर जाईल. आणि हे काय चालवलंय तुम्ही? सकाळी अकराला विचारलं तर नाश्ता, दुपारी चारला विचारलं तरी नाश्ता! आमच्या कौसामावशीच्या तावडीत सापडलात तर ती चांगली सोलून काढील तुम्हाला. आज तिचंच सांगते.

कौसामावशी म्हणजे वडनेरातल्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी. माझ्या घरासमोरच तिचं घर. उंच, काटक. आवाज असा की तिनं या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली, तर वावराच्या पार त्या टोकाची बाई दचकून उभी राहावी. तिच्या लेखी दिवसातल्या प्रत्येक खाण्याला आपापलं नाव आहे, आणि नाव चुकलेलं तिला खपत नाही.

मी चुकले ती पहिल्याच दिवशी. मी कारंजाची. वडिलांचा हायवेवर ढाबा. ट्रकवाले आले की चूल धगधगायची आणि ते गेले की आमच्या पोटात पडायचं. सकाळचं, दुपारचं असं काही नव्हतंच. भूक लागली की खाना. लग्न होऊन इथे आले आणि आठवड्यात टोळीबरोबर वेचणीला गेले. दहाच्या सुमारास मावशी ओरडली, "चला व, न्यारी!" मी फडकं सोडलं आणि तीन भाकरी, वांग्याची भाजी, सगळं चाटूनपुसून संपवलं. बाकीच्या बायांनी अर्धी अर्धी भाकर खाल्ली आणि उरलेली परत बांधली. मला वाटलं, काय नाजूक बाया आहेत या!

दोन वाजता पुन्हा हाक, "शिदोरी!" माझं फडकं रिकामं. मी भूक नसल्यासारखं तोंड करून पाणी पीत बसले.

"काऊन व कारंजावाली, तुही शिदोरी कुठी गेली?"

"मावशी, मी सकाळीच जेवले."

"जेवली? वावरात कोनी जेवते का व?"

सगळी टोळी हसून लोळली. मावशीनं मात्र आपली भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. मधोमध सगळ्यांच्या भाज्या मांडलेल्या होत्या. आपली भाजी एकटीनं खायची नाही आणि मधात ठेवलेल्या भाजीला नाही म्हणायचं नाही, हा तिच्या टोळीचा कायदा. मग तिनं मला शिकवलं. "चार ओळी वेचल्यावर हात चालाले पाह्यजे म्हनून खाते ते न्यारी. घरून बांधून आनलं अन् झाडाखाली खाल्लं ते शिदोरी. अन् सारं काम उरकलं, पाय धुतले, चूल पेटली, घरचं मानूस संग बसलं, तवा जेवन."

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात एकदा मी तिला ढाब्यावरची 'शुद्ध भोजन' ही पाटी वाचून दाखवली. म्हणाली, "भोजन तं देव करते बाई. ट्रकवाला बिचारा खाते." माझ्या नागपूरच्या सुनेनं एकदा मावशीला विचारलं, "आजी, लंच झाला?" तर म्हणे, "झाला असंन माय. कोनता व्हय तो?"

गेल्या वर्षी तिचा म्हातारा गेला. मुलगा पुण्याला कंपनीत. तो रोज संध्याकाळी फोन करायचा, "माय, जेवली का?" ही म्हणायची, "शिदोरी खाल्ली." त्याला काही वावगं वाटत नसे. समोरून ऐकताना मला मात्र ते खटकायचं. स्वतःच्या घरात बसून कोण शिदोरी खातं?

मग मी नीट पाहू लागले. सकाळी एकदाच भाकरी थापायच्या, त्यातली एक डब्यात बांधून ठेवायची आणि दिवेलागणीला ओट्यावर बसून तीच गार भाकर पाण्यासोबत. तीही अर्धी कुत्र्याला. संध्याकाळची चूल बंदच. ब्लाऊज दंडात ढगळ झालं, दोन पायऱ्या चढताना दम लागू लागला. मी म्हटलं, आमच्याकडे बसत जा जेवायला. तर भडकली, "रोज रोज लोकाइच्या घरी ताटावर बसू का? भिकारीन व्हय का मी?" वाटीभर वरण पाठवलं, तर वाटी जशीच्या तशी परत. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत वाळून जाणार, अशी मला धास्तीच बसली.

एका संध्याकाळी मी नुसती भाजी घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसले.

"मावशी, आज भाकरी केल्याच नाहीत. ही भाजी ठेवली मधात. तुमची भाकर काढा."

"सकायची हाय. गार झाली."

"मग मी गार खाऊ?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं. स्वतःचाच कायदा, मोडणार कसा? "लय चालू हायेस व तू," म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन चूल पेटवायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले. पण मुलाला उत्तर तेच, "शिदोरी खाल्ली." मी भांडायचे, "चूल पेटली, पाय धुतले, गरम भाकर आहे. आता काय कमी आहे?" तर म्हणायची, "तू काय घरचं मानूस व्हय? तू तं समोरची." जरा लागायचं मनाला. पण उद्या भाजी कोणती न्यायची, याचा विचार करतच मी घरी यायचे.

परवा आम्ही दोघी बसलो होतो. तिच्या तोंडात घास, आणि फोन वाजला. "माय, जेवली का?"

"जेवून राह्यलो ना आमी! मंग कर फोन, भाकर गार होते."

फोन आपटला. मी घास खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"पाह्यते काय? वाढ भाजी," मावशी म्हणाली.

यंदा गुडघ्यांनी तिला वेचणीला जाऊ दिलेलं नाही. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेते. मला चिडवून चिडवून ती कंटाळली आहे. तिला नवीन कोणीतरी हवं आहे. तेव्हा वडनेरला या, लवकर या. दिवस मावळायच्या आत पोचलात, तर तवा तापलेलाच सापडेल.